चतकोर भाकरीएवढं दार

उज्वलाताई,

हे तुझ्याच वहीत लिहिते आहे. मापं घ्यायची निळी वही. डाव्या पानावर भिंती, उजव्या पानावर दारं-खिडक्या, असं तू मला लावून दिलं होतंस. शेवटची काही पानं कोरी राहिली. त्यांचं काय करायचं ते कोणी विचारलं नाही, म्हणून मी घेतली. लिहून झालं की वही शिलाई मशीनच्या खणात जाईल. तिथे माझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही.

तुला 'तू' लिहिलं आहे, हसू नकोस. लग्न होऊन भिवापूरच्या घरी आले तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस, दोन वेण्या घातलेली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "लहान असली तरी नणंद हाये. ताई म्हणजो, तुमी म्हणजो." मी म्हणत राहिले. आपण नागपूरला आलो, तू आयटीआयला गेलीस, घरांचे नकाशे काढायला शिकलीस, लॅपटॉप घेतलास, तरी म्हणत राहिले. तू किती वेळा ओरडलीस, "वहिनी, मले तू म्हण ना वं! तुमी-तुमी करते त मले वाटते मी कोणाची सासूच हाये." मी हसायचे. जीभ वळत नव्हती. मागच्या आठवड्यात उमरेडला वळली. कशी, ते लिहायलाच बसले आहे.

तू टेबलाशी बसायचीस आणि मी मागे पाट टाकून भाजी निवडायचे. मला वाटायचं, आपण फक्त भाजीकडे बघतो आहोत. पण लॅपटॉपचा पडदा दिसायचा. तू दोन रेघा ओढल्यास की भिंत व्हायची. मग यादीतून एखादं दार उचलून भिंतीजवळ न्यायचीस आणि ते आपोआप भिंतीला चिकटायचं, भिंत आपली आपण फाटून त्याला जागा द्यायची. मी लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं बांधकामावर रेजा होते. एका दारासाठी जुनी भिंत फोडताना दोन गडी दिवसभर घण मारायचे आणि मलबा आम्ही बाया डोक्यावरून वाहायचो, हे मी पाहिलेलं. त्यामुळे ते फाटणं पाहिलं की माझा हात भाजीवरच थांबायचा.

एक दिवस तू विचारलंस, "काय पाहून राहिली वं?"

मी म्हटलं, "प्रत्येक दाराजवळ तुम्ही चतकोर भाकर काहून ठेवता?"

तू आधी पडद्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मग खुर्चीवरून पडायचीच बाकी होतीस हसता हसता. दार उघडताना जेवढ्या जागेत फिरतं तेवढी दाखवायला तिथे गोल रेघ असते, ती भाकरीच्या चौथ्या तुकड्यासारखी दिसते, हे तुला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून आपल्या घरात दाराला चतकोर म्हणू लागले. "वहिनी, या खोलीतली चतकोर कुठं ठेवू?" मी सांगायचे, इथे चूल येईल, इथे नको. कधी तू ऐकायचीस, कधी म्हणायचीस, "तुले काय समजते." पण विचारायचीस.

मग तू मला मापं घ्यायला नेऊ लागलीस. टेपचं शून्याचं टोक मी धरायचं आणि डबी घेऊन तू भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जायचं. "शून्य तुह्यापाशी, आकडा माह्यापाशी," असं तू सगळ्यांसमोर म्हणायचीस. लोक हसायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. शून्य हललं तर आकडा खोटा, हे तूच शिकवलं होतंस.

उमरेडचं ते सूत ठेवायचं जुनं गोदाम आपलं शेवटचं काम ठरेल, असं कोणाला वाटलं होतं. डॉक्टरीण बाईंना तिथे बाळंतपणाचा दवाखाना करायचा होता. भिंती दोन-दोन फूट जाड, चुन्यात बांधलेल्या. मी भिंतीतल्या एका भगदाडात हात घातला तर कोपरापर्यंत गेला तरी भिंत संपेना. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत गार. तू म्हणालीस, "अशी भिंत आता कोणी बांधत नाही वहिनी. पण हिच्यात दार-खिडकी बसवणं म्हणजे डोक्याचं काम हाये. नऊ इंचाच्या भिंतीत चौकट कुठंही बसव, फरक पडत नाही. इथं ठरवा लागते, बाहेरच्या अंगाले का आतल्या."

खिडक्या तू बाहेरच्या अंगाला घेतल्यास. मी वाद घातला. ऊन सरळ काचेवर येईल, खिडकी आत घ्या, बाहेर भिंतीची सावली तरी पडेल, असं माझं म्हणणं. तू म्हणालीस, वर छज्जा देते, उन्हाची काळजी सोड. मग पडद्यावर खिडकी आडवी कापून दाखवलीस. बाहेर काच आणि आतल्या बाजूला भिंतीच्या जाडीएवढा रिकामा ओटा. "हे पाह्य. बाळंतिणीसोबत आलेल्या बाया दिवसभर कुठं बसते? खाली फरशीवर. इथं बसतीन. तू बांधकामावर होती तेव्हा कुठं बसत होती?"

"बसायला कोण देते रेजाला?" मी म्हटलं.

"म्हणूनच त," तू म्हणालीस आणि ओट्याची उंची दोन इंच कमी केलीस. "तुहे पाय लोंबकळले नाही पाह्यजे."

खिडकीच्या बाबतीत तू बरोबर होतीस. हे तुला तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी नुसती भाजी घेऊन उठले.

दाराच्या बाबतीत मात्र तू बरोबर नव्हतीस, ताई. ते आता लिहावंच लागेल.

दुपार होती. कुलर चालू होता, त्याच्या आवाजात दोघींनाही मोठ्यानं बोलावं लागत होतं. बाळंतपणाच्या खोलीचं दार तू लावलंस. भिंतीच्या कडेपासून चौकट किती आत, तो आकडा टाकायचा एक रकाना असतो. तो रिकामा सोडला की दार आपोआप भिंतीच्या मधोमध बसतं. तू तो रिकामा सोडलास. मी पाहिलं. आधी वाटलं, भराल मागाहून. तू पुढच्या खोलीत गेलीस तेव्हा मी बोलले, "ताई, ते दार मधे राहिलं."

"राहू दे. दोन्हीकडून सारखं दिसते."

"मधे बसवलं तर दाराचा पल्ला भिंतीच्या जाडीत अडकते. चतकोरच उघडते. खोलीच्या आत ताठ उभा राहते. स्ट्रेचर आत आल्याबरोबर वळवायचं आहे ना त्याच बाजूला? आतल्या अंगाला चौकट घ्या, म्हणजे पल्ला पूर्ण मागे जाऊन भिंतीला टेकेल. अर्धी भाकर पाहिजे तिथे."

"वहिनी, सगळ्या नकाशात चतकोरच असते. नव्वद अंश म्हणजे पूरं उघडलं."

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी गप्प बसणारीच बाई आहे. त्या दिवशी कुठून बळ आलं कोण जाणे. मी म्हटलं, "आपल्या भिवापूरच्या दारासारखं होईल. सासूबाईंच्या वेळी झालं तसं."

तुझा हात माऊसवरच थांबला. मागे न बघता तू म्हणालीस, "माह्या आईचं नाव नको काढू." मग म्हणालीस, "आणि चौथी शिकलेल्या बाईनं मले…" तिथेच थांबलीस. पुढचं बोलली नाहीस. पण न बोललेलंही मला ऐकू आलं. मी कोथिंबीर उचलून आत गेले. संध्याकाळी तू चहा मागितलास, मी दिला. त्याच रात्री तू नकाशा पाठवून दिलास. दुसऱ्या दिवशी तुला ताप भरला. पाचव्या दिवशी तू नव्हतीस.

भिवापूरचं ते दार तुला आठवत होतं, हे मला माहीत होतं. तरी मी बोलले. सासूबाईंना सकाळी दम लागला, जीप दाराशी आली, चार जणांनी खाट उचलली. आतली खोली अरुंद, मातीची भिंत दीड हात जाड, दार तिच्या मधोमध. पल्ला खोलीच्या आत असा ताठ उभा की खाट वळेना. तू त्या पल्ल्यामागे होतीस, दोन्ही हातांनी तो भिंतीकडे दाबत. तुझे दादा ओरडले, "उजू, दार उघड ना वं पूरं!" आणि तू रडत ओरडलीस, "पूरं उघडलंच हाये!" शेवटी सासूबाईंना खाटेवरून उचलून हातावर न्यावं लागलं. त्यात थोडा वेळ गेला. फार नाही. तिसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात वारल्या.

तुझ्या डोक्यात ते काय होऊन बसलं होतं, ते मला त्या दुपारी तुझा थांबलेला हात पाहून कळलं. मी दाराबद्दल बोलत होते. तुला वाटलं, मी त्या चौदा वर्षांच्या पोरीबद्दल बोलते आहे, जिच्या हातून दार उघडलं नाही.

तुझ्या तेरवीला उमरेडचे मिस्त्री आले होते. म्हातारे, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसणारे. जेवून हात धुताना तुझ्या दादांना म्हणाले, "चौकटी येऊन पडल्या. परवा बसवतो. ताईनं जसं काढलं तसंच होईन, एक सूत इकडंतिकडं नाही."

"तसंच करा," तुझे दादा म्हणाले. "तिचं शेवटचं काम हाये."

मी पत्रावळी उचलत होते. पाहुणे गेल्यावर मी त्यांना सांगितलं की ते एक दार आत घ्यावं लागेल. त्यांनी आधी ऐकून घेतलं. मग त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे तिनं चुकीचं काढलं?"

"तसं नाही…"

"मंग कसं? अजून तिची राख थंडी नाही झाली अन् तू तिच्या चुका सांगत फिरशील? लोकं काय म्हणतीन? पोरगी घरी बसून काम करत होती, म्हणून असंच राहत असन, असं म्हणतीन. पुढं कोणी तिचं नाव घेईन का चांगल्यानं?"

"बाळंतीण अडकेल हो त्या दारात."

"नाही अडकत. तू गप राह्य."

मी गप्प राहिले. एक दिवस. त्या एका दिवसात मी तुझा लॅपटॉप तीनदा पुसला. उघडला नाही. उघडता येत नव्हताच. पण असं वाटायचं, आत कुठेतरी तू तो रकाना भरून ठेवला असशील आणि मी उगाच जीव जाळते आहे. मग वाटायचं, नसशील. तू रागात होतीस, आणि रागात तू कधी मागे फिरली नाहीस.

तिसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून दादांना कामावर पाठवलं, टेप आणि ही वही पिशवीत टाकली आणि उमरेडची एसटी धरली. एकटीनं. कंडक्टरनं दोनदा विचारलं तेव्हा कुठे माझ्या तोंडून "उमरेड" निघालं. मनात एकच वाक्य घोकत होते, मिस्त्री, ते दार थांबवा. मिस्त्री, ते दार थांबवा.

पोचले तर चौकट उभी केलेली. भिंतीच्या बरोबर मधोमध, दोन फळ्यांच्या टेकूवर, मिस्त्री ओळंबा धरून बघत होते आणि खाली सिमेंटचा मसाला कालवून तयार. घोकलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. मी नुसती जाऊन त्या चौकटीला हात लावून उभी राहिले.

"बाई, पक्की नाही झाली, हात काढा," मिस्त्री म्हणाले. मग ओळखलं. "उज्वलाताईच्या वहिनी ना तुमी? काय झालं?"

"हे आत पाहिजे," मी म्हटलं. माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता.

"काय?"

"आत. आतल्या अंगाला. पल्ला मागे टेकला पाहिजे. चतकोरनं भागत नाही."

मिस्त्रींनी ओळंबा खाली सोडला. "अरे! भाकरवाल्या वहिनी तुमीच काय?" ते हसले. "ताई सांगे, आमच्या घरी एक बाई हाये, दरवाज्यायच्या भाकरी मोजते. आमाले वाटे मजाक करते."

तू माझं इथे सांगितलं होतंस. कौतुकानं की थट्टेनं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारता आलं नाही.

मिस्त्री नकाशा बघत म्हणाले, "गोष्ट तुमची बरोबर हाये. पण कागदावर मधोमध हाये. मी माह्या मनानं हलवत नाही. मॅडमले विचारा." आणि डॉक्टरीण बाईंना फोन लावून फोन सरळ माझ्या हातात दिला.

ताई, त्या फोनवर मी काय बोलले त्याचा अर्धा भाग मला आठवत नाही. खाट म्हटलं, स्ट्रेचर म्हटलं, वळायला जागा म्हटलं. डॉक्टरीण बाई शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे उज्वलाच्या ड्रॉइंगमध्ये चूक आहे?"

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मसाला कालवणारे दोघे थांबले होते. हो म्हटलं असतं तर तुझ्या दादांनी सांगितलं तेच झालं असतं, संध्याकाळपर्यंत उमरेडभर झालं असतं. नाही म्हटलं असतं तर चौकट तिथेच राहिली असती, आणि एखाद्या दिवशी कोणाची तरी पोरगी पल्ल्यामागे उभी राहून ओरडली असती, पूरं उघडलंच हाये.

"चूक नाही," मी म्हटलं. "रकाना भरायचा होता. तिचं राहून गेलं."

त्या म्हणाल्या, "बरं. आत घ्यायला सांगा मिस्त्रींना."

फोन परत देताना माझ्या लक्षात आलं. मी 'त्यांचं' म्हटलं नव्हतं. 'तिचं' म्हटलं होतं.

हे खरं होतं की खोटं, ते तू ठरव. रकाना तू रिकामा सोडलास, हे खरं. मी सांगितल्यावरही भरला नाहीस, हेही खरं. पण मला वाटतं, ताप आला नसता तर दोन दिवसांनी तू काही न बोलता भरला असतास आणि मला सांगितलंही नसतंस. असं वाटतं. ठाऊक नाही. ठाऊक होणारही नाही.

मिस्त्रींनी कागदावर खूण करून मागितली. आपल्या कानावरची पेन्सिल दिली. तुझ्या छापलेल्या चतकोरीला लागून मी दुसरी चतकोर काढली. तुझी रेघ कशी बारीक, गोल. माझी थरथरली, कडेला फुगली, तव्यावर उलटताना फाटते तशी झाली. मिस्त्री म्हणाले, "चालते. समजलं."

चौकट आत सरकवून उभी केल्यावर त्यांनी दोरीला खडू बांधला, दोरी चौकटीच्या बिजागरीपाशी धरली आणि फरशीवर पल्ल्याचा फिरणारा घेर काढून दाखवला. एका भिंतीपासून निघून थेट त्याच भिंतीला जाऊन मिळाला. अर्धी भाकर. मी तिच्यात उभी राहिले. वळून पाहिलं. मोकळं होतं.

एसटीला वेळ होता. मी पुढच्या खोलीतल्या खिडकीत जाऊन बसले. ओट्यावर अजून प्लास्टर नाही, विटा टोचत होत्या. पण पाय जमिनीला टेकले. तू म्हणाली होतीस तसेच. काम चालू असलेल्या जागेवर मी आयुष्यात पहिल्यांदा बसले. आणि तिथे मला जे सांगायचं राहून गेलं ते आठवलं.

सासूबाई वारल्या त्या दिवशी मोठे डॉक्टर दवाखान्याच्या वऱ्हांड्यात मला म्हणाले होते की त्यांच्या हृदयाचं आधीच सगळं संपलेलं होतं. तासभर आधी आणलं असतं तरी तेच झालं असतं. मी घुंगट घेऊन उभी होते. मान हलवली. बाकीचे सगळे आत रडत होते. मग तेरवी झाली, पाहुणे गेले, तू शाळेत जाऊ लागलीस. मला वाटलं, सगळ्यांना सांगितलं असेल डॉक्टरांनी. मला विचारायचं होतं, ताई, तुम्हाला सांगितलं ना? पण 'तुम्ही' म्हणून असं काही विचारता येत नाही. निदान मला आलं नाही. इतकी वर्षं ते वाक्य माझ्यापाशी पडून होतं, आणि तू त्या दारामागे उभी होतीस.

दारानं काही झालं नव्हतं, उजू. तुझ्या हातानं काही झालं नव्हतं.

घरी येऊन मी तुझ्या दादांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, आधी उमरेडची आणि मग डॉक्टरांची. पहिली ऐकून ते चिडले. दुसरी ऐकून उठून बाहेर गेले. काल जेवताना ताटाकडे बघत विचारलं, "मंग आता उघडते का पूरं?"

"पल्ला अजून बसायचा आहे," मी म्हटलं. "बसला की सांगते."

पल्ला पुढच्या महिन्यात येईल, असं मिस्त्री म्हणतात. मी जाणार आहे. तुझे दादाही येतो म्हणाले, पण ते बाहेर उभे राहतील, मला माहीत आहे. मी आत जाऊन पल्ला धरीन आणि मागे, मागे, अगदी भिंतीला टेकेपर्यंत नेईन. टेकल्याचा आवाज कानानं ऐकायचा आहे. ऐकला की म्हणेन, दाराचं माझं बरोबर होतं आणि खिडकीचं तुझं.

तोवर आपलं भांडण मिटलेलं नाही. मिटवायची मला घाईही नाही.